चिमूटभर भुकटी आणि काट्याचा पासंग

अभनपूर, राजिम, धमतरीच्या बाजूला धानाचे पऱ्हे टाकायची तयारी सुरू झाली असेल. बियाणं, बुरशीनाशकाची पुडी आणि घरातला चमचा, एवढं घेऊन आपण अंगणात बसतो. आज मला त्या चमच्याबद्दल बोलायचं आहे. पण सुरुवात करतो रायफलच्या काडतुसापासून, कारण भुकटी मोजण्याची कडक शिस्त तिथे पाहायला मिळते.

काडतुसातली दारू ग्रेनमध्ये मोजतात. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. 1 ग्रेन सुमारे 64.8 मिलिग्रॅमचा, आणि आपल्या जुन्या तोळ्यात ग्रेन 180. सोनाराची गुंज पावणेदोन ग्रेनांहून किंचित जड. काडतुसं भरणाऱ्याचा काटा ग्रेनचा दहावा भाग दाखवतो. एका गुंजेचे एकोणीस तुकडे केले, तर त्यातला एक जवळपास तेवढा भरेल.

एवढा काटेकोरपणा कशाला? दारू जराशी वाढली, की दाब तेवढ्याच प्रमाणात वाढून थांबत नाही, त्याहून बराच जास्त चढतो. मर्यादा ओलांडली तर बंदूक चालवणाऱ्याच्याच तोंडावर फुटू शकते. प्रत्येक काडतुसात दारू कमीजास्त पडली, तर गोळीचा वेग बदलतो आणि लांबच्या निशाण्यावर ती वरखाली लागते.

पूर्वी काळी दारू मापाने भरत. 1884 मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएई यांनी बिनधुराची दारू तयार केली. ही जास्त जोरकस, त्यामुळे चुकीला जागा कमी. शिवाय एका दारूचे दाणे चपटे, दुसरीचे नळीसारखे. एकाच मापात दोघींचं वजन वेगळं भरतं. म्हणून जाणकार माणूस मापाने थोडी कमी दारू पारड्यात घालतो आणि उरलेली दाणा दाणा सोडत वजन पुरं करतो. टेबलावर एका वेळी एकच डबा असतो. गोळी बसवण्याआधी दारू भरलेली काडतुसं उजेडात धरून आत डोकावतो, कारण एकात दोनदा दारू पडली तर काय होईल, ते त्याला ठाऊक असतं.

हे मी समजावं म्हणून सांगतोय, घरी करून पाहावं म्हणून नव्हे. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. हे काम खडकी, वरणगावसारख्या दारूगोळा कारखान्यांचं. रायपूरहून नागपूरला जाताना भंडारा लागतो ना, तिथल्या जवाहरनगरच्या कारखान्यात तर ही दारूच तयार होते. आता नेमबाजांचं पाहा. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारातलं पॉइंट टू टू काडतूस पुन्हा भरण्याजोगं नसतंच. म्हणून नेमबाज वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडून बघतात आणि आपल्या रायफलला मानवेल तो लॉट निवडतात.

आता आपल्या अंगणात येऊ. पुडीवर किलोमागे 2 ग्रॅम लिहिलंय आणि बियाणं 20 किलो आहे, असं धरा. चमचा सपाट की शिगोशीग, भुकटी भुसभुशीत की दमट, यावर त्याचं वजन बदलतं. तेव्हा वजन करा. पण घरचा काटा 1 ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवत असेल, तर अर्ध्या ग्रॅमपर्यंतचा फरक त्याला दिसत नाही. दोन-दोन ग्रॅम वीस वेळा तोललंत, तर दर वेळी पाव हिश्शापर्यंत चूक होऊ शकते. सगळे 40 ग्रॅम एकदम तोललेत, तर तीच चूक शेकडा सव्वावर येते. तेव्हा भुकटी एकदाच तोला आणि सगळ्या बियाण्याला सारखी लावा.

काटा सपाट जागी ठेवा. पंखा बंद करा, वाऱ्याच्या झुळुकेनेही आकडा हलतो. रिकामं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा. जुन्या तराजूचा पासंग आपण आधी काढत होतो, तसंच हे. मग काट्याची परीक्षा घ्या. रुपयाचं चिन्ह असलेली दहा रुपयांची दहा नाणी ठेवा, वजन सुमारे 77 ग्रॅम यायला हवं. पाच-सहा ग्रॅमचा फरक दिसला, तर त्या काट्यावर औषध तोलू नका, आधी दुकानातल्या प्रमाणित वजनाशी ताडून पाहा. एका वेळी एकच पुडी उघडा आणि तोललेला आकडा लगेच कागदावर लिहा, म्हणजे कुणी हाक मारली तरी दुसऱ्यांदा भुकटी पडणार नाही.

हातमोजे घाला, नाकातोंडावर फडकं बांधा. आणि औषधाला लावलेला चमचा पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका, त्याला खूण करून औषधाच्या डब्याशेजारीच ठेवा.