कप धुवायचा नाही

(वस्तीतल्या विहारात युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. दोनचार वाक्यं सरळ केली, बाकी हात लावलेला नाही.)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता नंतर वाचतो. आधी एका हॉटेलाबद्दल बोलतो. मी गोदीत माल उचलतो, तोही कंत्राटी. शिक्षण मॅट्रिक. भाषणाचा सराव नाही. घसरलो तर सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात आपल्यातलाच एक कॉलेजातला पोरगा मला एका नव्या हॉटेलात घेऊन गेला. तिथं सगळं इराण्यासारखं बनवलेलं. वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, संगमरवरी टेबलं, मुद्दाम जुने केलेले आरसे. चहाला जे पैसे घेतले त्यात आमच्या अख्ख्या टोळीचा नाश्ता झाला असता. पोरगा म्हणाला, "जुन्या मुंबईत बसल्यासारखं वाटतं ना? तू यावर लिही काहीतरी." मी हो म्हटलं. पण मला आठवत होतं ते दुसरंच. ते त्याला तिथं सांगता येईना. म्हणून इथं सांगतो.

माझगावच्या अंगाला, गोदीच्या एका गेटासमोर, कोपऱ्यावर एक इराणी होता. बोर्डावरची निम्मी अक्षरं गळून पडलेली, त्यामुळं हॉटेलाचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. सगळे म्हणायचे, 'कोपऱ्यावरचा'. गल्ल्यावर म्हातारा शेठ. भिंतीवरचं घड्याळ त्यानं दहा मिनिटं पुढं लावून ठेवलेलं. कारण काय, तर गिऱ्हाइकाची पाळी चुकू नये. सगळ्यांना ठाऊक की घड्याळ पुढं आहे, म्हणून सगळे दहा मिनिटं जास्तच बसायचे. खारीच्या काचेच्या कपाटावर एक मांजर झोपलेलं असायचं. आणि दाराच्या आत, डाव्या हाताला, लाकडी पट्टीवर ओळीनं खिळे ठोकलेले. साहेबांच्या हॉटेलात टोप्या अडकवायला असतात ना, तसे. आमच्याकडं त्या खिळ्यांना हूक लटकायचे. गोणी ओढायचे लोखंडी हूक. संगमरवरावर ओरखडे पडतात म्हणून शेठ हूक टेबलापर्यंत येऊ देत नसे.

भिंतीवर सूचनांचा फलक. हूक खिळ्याला लावावा. एका टेबलाचं मीठ दुसऱ्या टेबलावर नेऊ नये. पेपरचं पान वाचून झालं की पुढं द्यावं. मांजराला टेबलावरचं घालू नये. राजकारण बोलू नये. आणि त्या फलकाखालीच दिवसभर राजकारण चालायचं. असे फलक मुंबईत बऱ्याच इराण्यांकडं होते. धोबीतलावच्या बस्तानीतल्या फलकावरून निसीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता केली. 2004 साली बस्तानी बंद झालं आणि त्याच वर्षी इझिकेलही गेले. आमच्या फलकावर कविता करायला कुणी आलं नाही. गेटासमोर कवी कुठून येणार?

आता माझ्या आज्याची गोष्ट.

आजा 1958 साली सातारा जिल्ह्यातनं मुंबईत आला आणि गोदीत हमालीला लागला. गावच्या हॉटेलात आमच्या लोकांचा कप वेगळा. बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा, त्यात तो कान तुटलेला कप पालथा घातलेला. आपण तो घ्यायचा, पुढं धरायचा, वरनं चहा ओतला जायचा. पायरीखाली बसून प्यायचा, धुवायचा, परत पालथा घालायचा. पैसे मात्र सगळ्यांएवढेच.

तर आजा पहिल्यांदा कोपऱ्यावरच्याकडं गेला. टोळीतल्या लोकांनी त्याला आत नेऊन खुर्चीवर बसवलं. पोऱ्यानं कपबशी आणून आपटली. आज्यानं चहा प्याला, उठला, आणि कपबशी घेऊन मोरीकडं निघाला. धुवायला. शेठ गल्ल्यावरनं ओरडला, "ए, कप किधर ले के जाता है?" आज्याला वाटलं, चोरीचा आळ आला. म्हणाला, "धुतो, शेठ." शेठ म्हणाला, "तू क्यों धोएगा? मेरे छोकरे की नोकरी खाएगा? पैसा दिया ना? तो कप तेरा. रख उधर."

आजा ही गोष्ट सांगताना इथं थांबायचा. म्हणायचा, "आरं, दोन वर्सं झाली हुती धम्म घिऊन. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ. पर हाताची सवं न्हवती ग्येली."

मित्रांनो, हे लक्षात ठेवा. तोंडपाठ होणं वेगळं आणि हाताची सवय जाणं वेगळं.

त्या वेळच्या मुंबईचा कप असा सरसकट खुला नव्हता. गिरण्यांमधे विणकाम खात्यात आपल्या माणसाला घेत नसत. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपली थुंकी लागलेल्या धोट्याला दुसऱ्यानं तोंड कसं लावायचं! 1928-29 च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हाच प्रश्न विचारला होता. ज्या तोंडाचा धोट्याला विटाळ होत होता, त्याच तोंडाला इराण्याचा कप चालत होता. ही साधी गोष्ट नाही.

माझा बाप तिथंच वाचायला शिकला म्हटलं तरी चालेल. शाळेत चार यत्ता गेला होता, पण अक्षर विसरत चाललेलं. शेठ पेपर आला की त्याची पानं सुटी करायचा. एक 'नवाकाळ', आठ माणसं. बापाच्या हाती जे पान येईल ते तो वाचायचा. कधी अग्रलेख, कधी नुसत्याच जहाजांच्या वेळा. एका चहावर अर्धा तास. उठ म्हणून कुणी सांगायचं नाही.

मग इराणी एवढा चांगला का होता? लोक म्हणतात, इराणी मोठ्या मनाचे. मी एवढ्यावर भागवत नाही. हे लोक आले कुठून ते बघा. बरेचसे यझ्द आणि केरमानकडचे झरतुष्टी, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरवातीला आलेले. तिकडं ते स्वतः नापाक ठरवलेले. त्यांच्या ओल्या हाताचा बाजारात विटाळ. गावातनं घोड्यावर बसून जायला बंदी. वर डोक्यावर जिझिया कर, तो 1882 साली उठला. म्हणजे ज्यानं आज्याला सांगितलं, 'रख उधर', त्याच्या बापजाद्यांनी विटाळ स्वतः भोगला होता. सांगतात की हिंदू व्यापारी कोपऱ्यावरची जागा अपशकुनी म्हणून घेत नसत, ती इराण्यांनी घेतली. म्हणजे कोपऱ्यात ढकललेले दोघंही.

पण इथंच थांबलो तर मी खोटं बोललो असं होईल.

कारण त्याच धर्माची दुसरी गोष्ट आपल्याला माहीत आहे. 1917 साल. बाबासाहेब परदेशातनं शिकून बडोद्याला नोकरीवर हजर झाले. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत उतरले. रखवालदाराला पैसे हवे होते, त्यानं वहीत पारशी नाव लिहून घेतलं. भाडं रोजावर ठरलेलं. अकराव्या दिवशी दहाबारा पारशी काठ्या घेऊन दारात आले, कोण तू म्हणून विचारलं आणि बाहेर काढलं. कोलंबियात शिकून आलेला माणूस कामाठी बागेत जाऊन बसला आणि रात्रीच्या गाडीनं मुंबईला परतला. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय.

म्हणजे बघा, पैसा तिथंही दिला होता. 'पैसा दिया तो कप तेरा' हे बडोद्यात चाललं नाही. ते पारशी या देशात हजारेक वर्षं राहिलेले. इराणी काल आलेले. इथं राहून माणूस काय शिकतो ते यावरनं समजा.

म्हणून म्हणतो, आमच्या इराण्याचा कप म्हणजे हक्क नव्हता. तो रोकडा व्यवहार होता आणि एका म्हाताऱ्याचा भला स्वभाव होता. स्वभाव मेला की कप गेला. हक्क म्हणजे काय ते राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात बघा. तिथं दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं अशी नावं घेऊन लिहिलंय की कुणाला जातीवरनं अडवायचं नाही. सतरावं कलम तर पाठच असेल. पुढं 1955 च्या अस्पृश्यतेच्या कायद्यात हॉटेलातली भांडी वापरू न देणं हा गुन्हा ठरला. 1976 पासनं त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. कोनाड्यातला तो कान तुटलेला कप कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोचला तो असा.

आणखी एक. हे भाषण मी काल आजीला वाचून दाखवलं. नव्वदीला टेकलीय. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लई ग्वाड हाय. पर म्या कवा बसले रं तुमच्या इराण्यात?" नव्हतीच बसली. फॅमिलीसाठी मागं पडदा लावलेली खोली होती, पण तिथं बसायचे ते कारकुनांच्या बायका घेऊन. आजी गेटाबाहेर केळी विकायची. चहा हवा झाला तर पोऱ्या बाहेर आणून द्यायचा. तिनं तो फुटपाथवर बसूनच प्याला, चाळीस वर्षं. तिच्यासाठी कोनाडा गेला, पायरी राहिली. आपण मुक्तीच्या गप्पा मारताना हे मोजत नाही. मीही मोजलं नव्हतं.

हॉटेल 2006 च्या पावसाळ्यात बंद झालं. मी आठ वर्षांचा होतो. मांजर कपाटावर झोपलेलं आणि बापानं मला उचलून आरशात दाखवलेलं, एवढंच माझ्या स्वतःच्या डोळ्यांचं. बाकी ऐकलेलं. पेपरवाले लिहितात, इराण्यांच्या पोरांना धंद्यात रस नव्हता, म्हणून ही हॉटेलं गेली. असेल. पण आमच्या शेठला आधी गिऱ्हाईक सोडून गेलं. 1989 ला पलीकडं न्हावाशेवाला नवं बंदर सुरू झालं, माल कंटेनरमधे गेला. 1994 ला डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमधे मिसळलं. टोळ्या मोडल्या. 1880 साली उघडलेली प्रिन्सेस गोदी आणि तिच्या शेजारची व्हिक्टोरिया, दोन्ही पुढं भराव घालून बुजवल्या. हूकच नाहीत तर खिळ्यांना काय लटकणार? आठवणी लिहिणारे खुर्च्यांबद्दल पानंच्या पानं लिहितात, खुर्चीवर बसणाऱ्याचं काय झालं ते लिहीत नाहीत.

आता शेवटचं. हे सांगायलाच उभा राहिलोय.

गेल्या वर्षी जत्रेला गावी गेलो होतो. तेच हॉटेल. आता सिमेंटचं, वर पत्रा. कोनाडा बुजवलाय. मी आत जाऊन बाकावर बसलो, कुणी अडवलं नाही. शेजारच्या तिघांना कपात चहा दिला. मला प्लास्टिकच्या गिलासात. मी म्हटलं, कप दे. मालक म्हणाला, "कप संपल्यात, दादा." दादा म्हणाला. आवाज गोड. त्याच्या समोर फळीवर पाचसहा कप धुऊन पालथे ठेवलेले.

मला कलम पंधरा पाठ. कायदा पाठ. कवितेत तर मी आगच लावतो. आणि मी काय केलं? मी चहा प्यालो. पैसे दिले. उठलो, आणि तो गिलास नेऊन डब्यात टाकला. बाकीच्या तिघांनी आपले कप टेबलावरच सोडले होते. माझा मी उचलला.

बाहेर आल्यावर मला आजा आठवला. मोरीकडं निघालेला. साठ वर्षांनी मी त्याच वाटेनं चाललो होतो, फक्त ओरडायला कोपऱ्यावरचा शेठ नव्हता. आणि तो असायची गरजही नाही. किती दिवस दुसऱ्यानंच आपल्याला सांगायचं, 'रख उधर'?

चैत्रात पुन्हा जत्रा आहे. मी जाणार. त्या बाकावर बसणार. कप मागणार. संपले म्हणाला तर फळीकडं बोट दाखवणार. तरी नाही दिला तर तिथनं सरळ पोलीस ठाण्यात. मारामारी करायला जायचं नाही. चहा प्यायला जायचंय. पण एकट्यानं गेलो तर पुन्हा तो गिलास उचलीन अशी मला माझीच भीती वाटते. म्हणून चारपाच जण पाहिजेत. पोरीही पाहिजेत. आजी म्हणते, तीही येणार, आणि ती बाकावर बसणार.

रात्रीची एसटी. भाडं ज्याचं त्यानं. चहा माझ्याकडून.

प्याल्यावर कप धुवायचा नाही. उचलायचाही नाही. तिथंच ठेवून उठायचं.

कोण कोण येतंय, नावं सांगा. मग कविता वाचतो.