खावटी, बियाणें आणि देणें

चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन जिल्ह्यांतील जंगलाकडच्या गांवांत पैसा महिन्याच्या पहिल्या तारखेस येत नाहीं. तो ऋतूंबरोबर येतो. फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं फुलें गळूं लागलीं कीं घरचीं लहानथोर माणसें पहांटेपासून टोपल्या घेऊन झाडांखालीं असतात. पुढें तेंदूचीं पानें तोडण्याचा हंगाम येतो. सत्तर पानांचा एक पुडा बांधावयाचा आणि संध्याकाळीं फळीवर नेऊन मोजून द्यावयाचा, असा तो क्रम जेमतेम दोनतीन आठवडे चालतो. धान मार्गशीर्षांत खळ्यावर येतें व तें विकून रक्कम हातीं पडेपर्यंत पौष उजाडतो. मधल्या काळांत, विशेषतः रोवणी आटोपल्यापासून नवें धान येईपर्यंत, घरांत खर्च असतो, जमा नसते. पगारदार कुटुंबांसाठीं लिहिलेलीं घरखर्चाचीं पुस्तकें येथें निरुपयोगी ठरतात तीं ह्याच कारणानें. त्यांतील पहिलीच सूचना 'महिन्याचें उत्पन्न लिहा' अशी असते, आणि तेथेंच गाडें अडतें.

ह्या प्रदेशांतील कर्ज उधळपट्टीनें होतें, अशी शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत एक समजूत आहे. ती बऱ्याच अंशीं चुकीची आहे. कर्ज होतें तें श्रावण-भाद्रपदांत, आणि पुष्कळदां तें पोटासाठीं होतें. जुन्या वाढीदिढीच्या व्यवहारांत आषाढांत दोन पोतीं धान उचलणारा शेतकरी मार्गशीर्षांत तीन पोतीं परत करी. पांच महिन्यांस अर्धपट, म्हणजे दरमहा शेकडा दहा, असा हा दर पडतो. शिवाय उचल होते तेव्हां धान महाग असतें आणि फेड होते तेव्हां स्वस्त असतें. हिशेब धान्यांत असल्यामुळें त्यांतील व्याज डोळ्यांना दिसत नाहीं एवढेंच.

सरकारलाहि ही गोष्ट फार पूर्वीं कळली होती. चंद्रपूर जिल्हा १९६४ पर्यंत चांदा ह्या नांवानें ओळखला जाई व १९८२ सालीं त्याचा पूर्वभाग वेगळा काढून गडचिरोली जिल्हा करण्यांत आला. पण त्याच्याहि आधीं, १९३३ सालीं, जुन्या मध्यप्रांतांत कर्जतडजोडीचा कायदा झाला आणि धनको व ऋणको ह्यांना समोरासमोर बसवून देण्याची रक्कम ठरविणारीं मंडळें नेमण्याची सोय झाली. १९३९ सालीं कर्जनिवारणाचा आणखी एक कायदा आला. मात्र झालेल्या कर्जाची तडजोड करणें निराळें आणि श्रावणांतलें कर्ज होऊं न देणें निराळें. दुसरें काम साधावें म्हणून १९७८ पासून आदिवासी कुटुंबांना पावसाळ्यापुरतें खावटी कर्ज देण्याची योजना राज्यांत सुरू झाली. तीहि पुढें बंद पडली. २०२० सालीं करोनाच्या काळांत एका वर्षापुरतें कुटुंबास चार हजार रुपयांचें खावटी अनुदान, निम्मे रोख व निम्मे वस्तुरूपानें, देण्याचें ठरलें.

योजना येतात आणि जातात. 'खावटी' हा शब्द मात्र धरून ठेवण्याजोगा आहे. वर्षभर घरांत खाण्यासाठीं बाजूला काढलेलें धान्य तें खावटी. कर्ज फेडूं पाहणाऱ्या घराच्या अंदाजपत्रकांत पहिली ओळ तिची असली पाहिजे, सावकाराची नव्हे. हें ऐकून पुष्कळांना विचित्र वाटेल. परंतु खळ्यावरचें सगळें धान विकून मोठ्या उत्साहानें देणें चुकविणारें घर भाद्रपदांत पुन्हां त्याच दारीं उभें राहतें, आणि या वेळीं चढ्या दरानें. म्हणून आधीं खावटी, मग बियाणें, आणि त्यानंतर देणें.

उदाहरणासाठीं धानोऱ्याकडील चार माणसांचें एक घर कल्पावें. दोन एकर धानाची शेती, पाणी पावसाचें. एकवीस क्विंटल धान झालें असें धरलें, तर खाण्यासाठीं दहा क्विंटल आणि बियाणें व उंदीर-घूस ह्यांसाठीं एक क्विंटल ठेवून दहा क्विंटल विक्रीस उरतें. क्विंटलला तेवीसशें रुपये धरले तर तेवीस हजार. तेंदूपानांच्या मजुरीचे बारा हजार, मोहाचे पांच हजार, वर्षभरांतील रोजमजुरीचे पंचवीस हजार. एकंदर जमा पांसष्ट हजार. खर्चाकडे शेतीची मशागत व खत बारा हजार; मीठ, तेल, मिरची, डाळ अठरा हजार; कपडे व शाळा आठ हजार; औषधपाणी चार हजार; सण, लग्नें व पाहुणे पांच हजार. हे सत्तेचाळीस झाले. उरले अठरा हजार.

ह्या अठरांपैकीं तीन हजार हाताशीं ठेवावेत. एक ताप, एक बैल लंगडणें, एक दूरचें मरण, एवढ्यानें ते संपतात. पण ते नसले तर त्याच तापासाठीं पुन्हां शेकडा पांचानें पैसे काढावे लागतात. देण्यासाठीं राहिले पंधरा हजार. आतां ह्या घराचीं कर्जें दोन आहेत असें समजावें. एक, आषाढांत काढलेलें खासगी सावकाराचें दहा हजारांचें, दरमहा शेकडा पांच व्याजाचें. दुसरें, बायकांच्या बचत गटाचें आठ हजारांचें, दरमहा शेकडा दोनाचें. साधारण माणूस माणुसकीनें वागतो: दोघांनाहि थोडें थोडें देतो, म्हणजे दोघेहि बोलत नाहींत. हिशेबाच्या दृष्टीनें ही माणुसकी फार महाग पडते. पौषांत सावकाराचें सहा महिन्यांचें व्याज तीन हजार होतें. मुद्दल धरून तेरा हजार त्याला एकदम देऊन टाकावेत. गटाला त्या वर्षीं केवळ व्याज, म्हणजे महिना एकशें साठ प्रमाणें एकोणीसशें वीस, द्यावें. ऐंशी रुपये उरतात. पुढच्या वर्षीं गटाचे आठ हजार व्याजासह दहा हजारांच्या आंत मिटतात, आणि पांच हजारांहून अधिक शिल्लक पडते. दोन वर्षांत घर मोकळें होतें. हेच पंधरा हजार दोघांत अर्धेअर्धे वांटले असते, तर सावकाराचे साडेपांच हजार डोक्यावर राहून दरमहा पावणेतीनशें रुपये नुसत्या व्याजाचे जात राहिले असते.

शेकडा पांच हा शब्द तोंडांत इतका बसला आहे कीं त्याचा अर्थ कोणी लावीत नाहीं. दरमहा शेकडा पांचानें वीस महिन्यांत व्याज मुद्दलाएवढें होतें. दहा हजारांवर महिन्याला चारशें रुपये नेमानें भरणारा मनुष्य आपण कर्ज फेडीत आहों असें समजतो, आणि प्रत्यक्षांत त्याचें देणें दर महिन्यास शंभरांनीं वाढत असतें.

येथें कायद्याची माहिती घरांत असणें अत्यंत जरूर आहे. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणें परवान्याशिवाय सावकारी करणें गुन्हा आहे. चक्रवाढ व्याज घेतां येत नाहीं, व मुद्दलाहून अधिक व्याज वसूल करतां येत नाहीं; जुन्या दामदुपटाचें तत्त्व त्यांत आलें आहे. त्याच सालीं ठरविलेले दर शेतकऱ्यास तारण कर्जावर वर्षाला शेकडा नऊ व विनातारण बारा, आणि इतरांस अनुक्रमें पंधरा व अठरा असे आहेत. महिन्याला पांच म्हणजे वर्षाला साठ, ह्याच्याशीं हे आंकडे ताडून पहावेत. सावकारी व्यवहारांत जमीन लिहून दिली असेल, तर पंधरा वर्षांच्या आंतील अशा व्यवहाराबद्दल जिल्हा निबंधकाकडे दाद मागतां येते. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावर तर ह्याहून कडक निर्बंध आहेत, आणि गेलेली जमीन परत मिळविण्यासाठीं १९७४ चा स्वतंत्र कायदा आहे. जमीन राहिली तर वरचा सगळा हिशेब. ती गेली कीं मांडावयास कांहीं उरत नाहीं.

तथापि, हिशेब बिघडतो तो बहुधा दरामुळें नव्हे, लपविलेल्या ओळींमुळें. नवऱ्यानें सावकाराकडून काय घेतलें हें बायकोला ठाऊक नसतें. बायकोनें गटाकडून किंवा लघुवित्त संस्थेकडून काय घेतलें हें नवऱ्याला अर्धवटच ठाऊक असतें. म्हातारा सासरा किराणा दुकानांत कोणत्या वहींत आहे हें दोघांनाहि ठाऊक नसतें. कर्जफेडीचें खरें अंदाजपत्रक ज्या दिवशीं हीं तिन्ही माणसें एका कंदिलाभोंवतीं बसून एकाच कागदावर सर्व देणीं लिहितात, त्या दिवशीं सुरू होतें. ती संध्याकाळ सुखाची नसते. मोह वेंचणारी, पानें तोडणारी, रोवणीला जाणारी बाई घरच्या जमेचा मोठा वांटा आणते; खर्चाच्या वहींतून तिलाच बाहेर ठेवणें ह्यासारखा आंधळेपणा नाहीं.

दुसरी लपलेली ओळ म्हणजे मंडई. दिवाळीनंतर झाडीपट्टींत गांवोगांव मंडया भरतात, रात्रीं नाटकें होतात, त्या निमित्तानें लेकीजावई येतात, सोयरिकी जुळतात. शहरांतील हितोपदेशक हा खर्च पाहून तो काटून टाका म्हणतात. तो काटला जात नाहीं. कागदावरून काटला तर उधारीवर होतो. पाहुण्याला उपाशी परत पाठविणारें घर पुढें अडचणींत कोणाच्या दारीं जाणार, हाहि व्यवहाराचाच प्रश्न आहे. म्हणून मंडईसाठीं ठराविक रक्कम आधींच लिहावी, आणि ती संपली कीं दुसऱ्या गांवच्या मंडईला जाऊं नये. तिसरी ओळ खऱ्र्याची आणि दारूची. गडचिरोलींत लोकचळवळीनंतर १९९३ सालीं दारूबंदी झाली. चंद्रपुरांत ती २०१५ सालीं झाली व २०२१ सालीं उठली. बंदी असो वा नसो, हा खर्च वहींत कोणी मांडीत नाहीं. रोजचे वीस रुपये खऱ्र्यावर गेले तर वर्षाचे सात हजार तीनशें होतात. वरच्या उदाहरणांतील गटाचें कर्ज आठ हजारांचें होतें.

लघुवित्त संस्थांच्या हप्त्यांविषयीं थोडें अधिक बोलणें प्राप्त आहे. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार, वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मिळून हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक असतां कामा नयेत. मुदतीपूर्वीं कर्ज फेडल्यास दंड नाहीं. नियम चांगला आहे. पण जंगलांतल्या घराचें मासिक उत्पन्न म्हणजे वर्षाच्या बेरजेस बारांनीं भागलेला एक कल्पित आंकडा. पौषांत तो भरता येतो, श्रावणांत येत नाहीं. आणि श्रावणाचा हप्ता भरण्यासाठीं दुसरीकडून पैसे काढले जातात. त्याच नियमांत कर्जदाराच्या सोयीप्रमाणें हप्त्यांचा काळ ठरविण्याचें धोरण संस्थांनीं ठेवावें असेंहि सांगितलें आहे. कर्ज घेतांनाच हें विचारावें. कागदावर सही झाल्यावर विचारून उपयोग होत नाहीं.

गांवानें एकत्र कांहीं केलें तर घरचा हिशेब सोपा होतो, हें धानोरा तालुक्यांतील मेंढा-लेखा गांवानें दाखविलें आहे. वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं ह्या गांवाला सुमारें अठराशें हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. बांबूची विक्री ग्रामसभा करूं लागली. मजुरीतला हिस्सा बाजूला काढून केलेला गांवचा कोष अडल्यानडल्यास उपयोगी पडतो, तेथें सावकाराचें दार तेवढें लांब जातें. पुढें पुष्कळ ग्रामसभांनीं तेंदूपानांचा व्यवहारहि स्वतःकडे घेतला. मजुरीशिवाय त्यांत मागाहून बोनस मिळतो. पण तो केव्हां हातीं पडेल ह्याचा नेम नसल्यामुळें घराच्या अंदाजांत त्याला जमेची जागा देऊं नये. आला तर थेट मुद्दलांत घालावा.

चंद्रपूर, बल्लारपूर, नागपूर किंवा पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलांचाहि ह्याच्याशीं संबंध येतो. वडिलांचें ऋण मुलानें फेडलेंच पाहिजे, हा धर्म म्हणून घरोघर सांगितला जातो. कायदा आतां तसा राहिलेला नाहीं. हिंदु वारसा कायद्यांत २००५ सालीं झालेल्या दुरुस्तीनंतरच्या कर्जाबद्दल, केवळ पुत्रधर्म एवढ्या कारणावरून मुलावर दावा चालत नाहीं. वारशानें आलेल्या मालमत्तेपुरतीच जबाबदारी राहते. तरीहि मुलगे फेडतात, आणि त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. फक्त दरमहा थोडे थोडे पैसे घरीं पाठविणाऱ्यानें ते कोणत्या ओळींत जातात हें विचारलें पाहिजे. बहुधा ते व्याजांत जिरतात. त्यापेक्षां सहा महिन्यांचे साठवून पौषांत धानाच्या पैशांबरोबर एकदम दिले, तर महागांतलें महाग कर्ज मुळासकट निघतें.

तो दिवसहि नीट आंखलेला असावा. बँकेंतून रक्कम निघाली कीं आधीं घरीं यावें, बाजाराला जाऊं नये. खावटी कोठींत आहे कीं नाहीं, बियाणें वेगळें बांधलें आहे कीं नाहीं, हें पाहून मग नवराबायकोनें मिळून सावकाराकडे जावें, पैसे मोजून द्यावेत, पावती मागावी, आणि लिहून दिलेली चिठ्ठी परत हातांत येईपर्यंत तेथून उठूं नये.