व्यसनमुक्ती आणि एचआयव्ही सेवा : उपेक्षित स्त्रियांसाठी अनुदान
(भाषणाचा मजकूर)



शासन अनुदान देते म्हणजे नेमके काय करते, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला जातो तसाच सचिवालयातही विचारला जातो. रक्कम मंजूर होते, आदेश निघतो, संस्थेच्या खात्यात पैसे जमा होतात. परंतु ज्या व्यक्तीसाठी हा सारा खटाटोप, तिच्या हाती काय पडले, यावरच अनुदानाचे यश ठरते. या दृष्टीने अमेरिकेचा एक अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. व्यसन आणि एचआयव्ही या दोन्ही संकटांत सापडलेल्या अल्पसंख्याक स्त्रियांसाठी तेथील केंद्र सरकारने केलेल्या तरतुदींचा हा अनुभव आहे.

नोंद नाही, म्हणून तरतूद नाही

५ जून १९८१ रोजी अमेरिकेत या रोगाची पहिली शासकीय नोंद प्रसिद्ध झाली. ती लॉस एंजेलिस येथील पाच तरुण पुरुषांविषयी होती. त्यामुळे हा पुरुषांचा रोग, अशी समजूत दृढ झाली. प्रत्यक्षात एकाच सुईने मादक द्रव्ये टोचून घेणाऱ्या स्त्रिया आणि अशा पुरुषांच्या पत्नी यांनाही त्याची बाधा होत होती. तथापि, एड्सच्या शासकीय व्याख्येत स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या विकारांचा समावेश नव्हता. व्याख्येत बसत नसल्याने आजारी स्त्रीची गणना होत नसे आणि गणना नसल्याने तिला साहाय्य मिळणे कठीण होई. स्त्रियांनी व त्यांच्या वकिलांनी दीर्घकाळ झगडा दिल्यानंतर १ जानेवारी १९९३ पासून गर्भाशयमुखाचा कर्करोग, फुप्फुसाचा क्षय आदी विकारांचा व्याख्येत समावेश झाला.

त्या देशातील स्त्रियांमध्ये कृष्णवर्णीय स्त्रियांचे प्रमाण सुमारे १३ टक्के आहे. परंतु एचआयव्हीचे नव्याने निदान होणाऱ्या स्त्रियांत त्या जवळजवळ निम्म्या आहेत. याचे कारण वर्णात नाही. दारिद्र्य, दवाखान्यांचा अभाव आणि उपचारास झालेला विलंब ही त्याची कारणे होत.

पैशाबरोबर अटीही

१९८४ साली अमेरिकन काँग्रेसने राज्यांना मिळणाऱ्या मद्य व मादक द्रव्यविषयक अनुदानापैकी ५ टक्के रक्कम स्त्रियांच्या सेवांसाठी राखून ठेवली. १९८८ साली हे प्रमाण १० टक्के करण्यात आले. १९९० साली रायन व्हाइट या दिवंगत शाळकरी मुलाच्या नावाने एड्सग्रस्तांच्या शुश्रूषेसाठी कायदा झाला. १९९८ साली कृष्णवर्णीय लोकप्रतिनिधींच्या आग्रहावरून अल्पसंख्याक समाजांतील एड्स निवारणासाठी १५ कोटी ६० लक्ष डॉलरची तरतूद जाहीर झाली. पुढे २०१३ साली अल्पसंख्याक स्त्रियांसाठी व्यसनोपचार आणि एचआयव्ही सेवा एकत्र देणाऱ्या संस्थांना स्वतंत्र अनुदान देऊ करण्यात आले.

या रकमांहून अधिक बोधप्रद आहेत त्या अनुदानाच्या अटी. व्यसनोपचार केंद्रात गरोदर स्त्रीस अग्रक्रमाने प्रवेश द्यावा. जागा नसल्यास ४८ तासांच्या आत तिला तात्पुरती सेवा मिळावी. तिच्या मुलांना सांभाळण्याची आणि तिच्या जाण्यायेण्याची सोय करावी, असे नियमांत स्पष्ट सांगितले गेले. एड्सचे प्रमाण लाखामागे १० किंवा त्याहून अधिक असलेल्या राज्यांना व्यसनोपचाराच्या ठिकाणीच एचआयव्ही तपासणी व समुपदेशन पुरविणे आवश्यक झाले. कडेवर मूल घेतलेली स्त्री एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात खेटे घालू शकत नाही. पाळणाघराचा खर्च हा म्हणूनच उपचाराचाच खर्च होय.

भीतीचे दार

परंतु सोयी उभारूनही एक अडथळा उरतोच. तो म्हणजे भीती. साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्स्टन येथे १९८९ पासून एका सार्वजनिक रुग्णालयात गरोदर स्त्रियांची कोकेनसाठी लघवी-तपासणी करून तिचा निष्कर्ष पोलिसांना कळविला जाई. ३० स्त्रियांना अटक झाली. त्यांतील एक वगळता सर्व कृष्णवर्णीय होत्या. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना केलेली अशी तपासणी घटनाबाह्य ठरविली. दवाखान्याच्या दारातच पोलीस भेटणार असेल, तर कोणती माता तेथे पाऊल टाकील?

हा धडा केवळ परदेशाचा नव्हे. आपल्या गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणास एचआयव्ही असल्याच्या एकमेव कारणावरून दोन महिन्यांहून अधिक काळ स्थानबद्ध ठेवण्यात आले होते. त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागण्यात आली आणि देशभर या विषयाची चर्चा सुरू झाली. २०१७ च्या एचआयव्ही व एड्स कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला, भेदभावास मनाई केली असून तपासणीस संमती आणि माहितीची गुप्तता बंधनकारक केली आहे.

आशा आणि कर्तव्य

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, गरोदरपणी व प्रसूतीच्या वेळी मातेला आणि जन्मानंतर बाळाला झिडोव्हुडिन हे औषध दिल्याने बाळाला बाधा होण्याचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. आजच्या उपचारांनी ते १ टक्क्याहूनही खाली आणता येते. भारतात एचआयव्हीची औषधे २००४ पासून शासनातर्फे विनामूल्य दिली जातात. एचआयव्हीविषयी १०९७ आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या क्रमांकांवर विनाशुल्क मार्गदर्शन मिळते.

औषध आहे, कायदा आहे, अनुदानाचा मार्गही आहे. उणीव राहते ती विश्वासाची, आणि ती भरून काढणे कोणत्याही शासकीय आदेशाला एकट्याने साधणारे नाही. शिक्षकांनी रोगाविषयी शास्त्रीय माहिती द्यावी. अधिकाऱ्यांनी प्रस्ताव तपासताना खाटांच्या संख्येबरोबरच पाळणाघराची, प्रवासखर्चाची व गुप्ततेची सोय आहे काय, हे पाहावे. ग्रामस्थांनी उपचार घेऊन परतलेल्या भगिनीस पाणवठ्यावर, शाळेत व देवळात पूर्ववत स्थान द्यावे. एवढे घडले, तरच अनुदानाचा पैसा खऱ्या अर्थाने सत्कारणी लागला असे म्हणता येईल.