दावा अमान्य झाला म्हणजे संपला नाही

(नाशिक येथील कार्यकर्ता मेळाव्यात केलेलं भाषण. ग्रामसभेत वाचून दाखवावं.)



आज कागदाचं बोलायचं आहे. भात-नागलीची कापणी झाल्यावर आम्ही पाड्यापाड्यांवर फिरलो. जिथं गेलो तिथं एकच ऐकलं, "दावा अमान्य झाला, आता काय उरलं?" आम्ही विचारायचो, "निर्णयाचा कागद कुठंय?" बहुतेकांकडं कागदच नाही. एका आजीला ऑफिसच्या दारातच सांगितलं, "तुमचं नाव नापास यादीत आहे." आजी तशीच माघारी आली. सासऱ्याच्या वेळेपासून कसलेली जमीन, आणि निकाल काय, तर दारातलं एक वाक्य! तिचं अपील लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. अपील करायचं, पण कुठल्या तारखेच्या, कुठल्या नंबरच्या निर्णयावर?

म्हणून आज दोनच गोष्टी समजून घेऊ. सरकारी समितीनं नाही म्हटलं तर वर कोण ऐकतं? आणि ऐकणारा नेमकं काय बघतो?

वनहक्क कायदा २००६ चा. त्यात पहिली पायरी ग्रामसभेची. दावा तिथं येतो, वनहक्क समिती जागेवर जाऊन बघते, ग्रामसभा ठराव करते. ठराव पटला नाही तर ६० दिवसांच्या आत प्रांतांच्या उपविभागीय समितीकडं जायचं. तिथंही पटलं नाही तर पुन्हा ६० दिवसांत कलेक्टरांच्या जिल्हास्तरीय समितीकडं. मधली पायरी सोडून थेट वर जाता येत नाही. आणि आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय कुठल्याही समितीला आपल्याविरुद्ध निकाल देता येत नाही. हे कायद्याच्या कलम ६ मध्येच लिहिलं आहे.

पण त्याच कलमात एक अडचण होती. जिल्हा समितीचा निर्णय अंतिम, असं लिहिलेलं. म्हणजे कलेक्टर कचेरीत दार बंद झालं की पुढं फक्त हायकोर्ट. सुरगाण्याच्या डोंगरातल्या माणसानं मुंबईचं हायकोर्ट कसं गाठायचं? मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला हजारो लोक पायी चालत गेले, पायाला फोड आले, ते याच अडकलेल्या आणि अमान्य दाव्यांसाठी.

मे २०२० मध्ये राज्यपालांनी अधिसूचना काढली. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीनं राज्यपालांना अनुसूचित क्षेत्रापुरता कायदा बदलायचा अधिकार दिला आहे, तो त्यांनी वापरला. आता जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय आयुक्तांच्या समितीकडं अपील करता येतं. आपल्यासाठी ते ऑफिस नाशिकरोडला. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके अनुसूचित आहेत. दिंडोरी, इगतपुरी, बागलाण, त्र्यंबकेश्वर या बाजूला गावाचं नाव अनुसूचित यादीत आहे का, ते आधी बघा. अनुसूचित क्षेत्राबाहेरच्या गावाला ही पायरी नाही.

मुदत ध्यानात ठेवा. निर्णय कळवल्यापासून ९० दिवस. अधिसूचनेच्या आधीच्या निर्णयांना सहा महिने दिले होते, ते लॉकडाऊनमध्येच सरले. तरी गप्प बसू नका. निर्णय हातात कधी पडला, उशीर का झाला, हे तारखांसह लिहून अर्ज द्या. निर्णय दाव्यावाल्याला समक्ष कळवायचा, कारणं लेखी द्यायची, असं २०१२ साली सुधारलेल्या नियमांत आहे. ते त्यांनी केलं नसेल तर तोच आपला पहिला मुद्दा.

आयुक्तांकडं अपिलात पुरावा पुन्हा मांडता येतो. गावातल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, जुन्या दंडाच्या पावत्या, बांध, विहीर, देवाची जागा, लावलेली आंब्याची झाडं. अमुकच कागद आणा, असा हट्ट समितीला धरता येत नाही. दोन पुरावे पुरतात.

त्याच्याही वर हायकोर्ट. इथं आपली लोकं चुकतात. वाटतं, जज्जसाहेब जमीन बघतील आणि नावावर करून देतील. तसं नसतं. हायकोर्टातली रिट म्हणजे अपील नाही. कोर्ट शेत मोजायला डोंगर चढत नाही. निर्णय कुठल्या वाटेनं झाला, ते बघतं. नोटीस दिली होती का? ऐकून घेतलं का? कारणं लिहिली का? ग्रामसभेचा ठराव कुठल्या आधारावर डावलला? वाट चुकलेली दिसली तर कोर्ट निर्णय रद्द करतं आणि बहुतेक वेळा पुन्हा ऐका म्हणून खाली पाठवतं. त्याला हार समजू नका. आणि आयुक्तांकडं अपिलाची सोय असताना थेट हायकोर्टात गेलो, तर आधी तिकडं जाऊन या, असं कोर्ट बहुधा सांगतं.

सुप्रीम कोर्टाचंच बघा. १३ फेब्रुवारी २०१९ ला त्यांनी अमान्य दावेदारांना जमिनीवरून काढायचा आदेश दिला. देशभर आदिवासींच्या पोटात गोळा आला. २८ फेब्रुवारीला त्यांनीच तो थांबवला आणि राज्यांना विचारलं, दावे अमान्य करताना पद्धत पाळली का? पुरावा मांडू दिला का? आदेश लोकांना कळवले का? म्हणजे जे आम्ही त्या आजीला विचारलं, तेच सुप्रीम कोर्टानं सरकारांना विचारलं.

तेव्हा गावी गेल्यावर एवढं करा.

एक, तोंडी निकाल मानू नका. सहीशिक्क्याची नक्कल मागा. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका.

दोन, कागद मिळाला की त्याच्या मागं मिळाल्याची तारीख लिहा. अर्ज द्याल त्याची शिक्क्याची पोच घ्या. पोच नाही तर अर्ज दिलाच नाही, असं समजा.

तीन, ग्रामसभेचा ठराव नीट लिहा. नुसतं "दावा मंजूर" लिहू नका. कोण कधीपासून कसतं, कुणी सांगितलं, कुठली खूण पाहिली, ते सगळं लिहा. वर आयुक्त असोत की हायकोर्ट, शेवटी सगळे आपल्या गावानं लिहिलेला तोच कागद वाचणार आहेत.

चार, वकिलाच्या फीला घाबरू नका. अनुसूचित जमातीच्या माणसाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. जिल्हा कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणात विचारा.

पाच, दाव्याचा निकाल पूर्ण होईपर्यंत जमिनीवरून कुणी उठवू शकत नाही, कलम ४ मध्ये तसं आहे. फॉरेस्टवाले आले तर भांडण नको. अपिलाची पोच दाखवा आणि सगळ्या पाड्यानं मिळून उभं राहा.

आजीचा कागद आम्ही अर्ज टाकून मिळवला. त्यावर कारणाच्या जागी एकच शब्द आहे, "अपात्र". का अपात्र, ते नाही. त्या एका शब्दावरच तिचं अपील उभं आहे. निकाल अजून यायचा आहे. तोवर आजी जमीन सोडणार नाही, आणि आपण आजीला एकटं सोडायचं नाही.

जोहार!