घरचें संगीत आणि वीज गाळणारी पेटी

समजा, पुण्यांतील एका गृहस्थांनीं हौसेनें अ‍ॅम्प्लिफायर व दोन स्पीकर घरीं आणले. सायंकाळीं यमनाचा आलाप लावावा, तों त्यामागें एकसारखी घरघर! दुकानदार म्हणाला, "तुमची वीजच अशुद्ध आहे, पॉवर कंडिशनर घ्या." पेटीची किंमत अ‍ॅम्प्लिफायरच्या निम्म्याहून अधिक. ती घ्यावी कीं न घ्यावी?

प्रथम अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटांत काय चालतें तें पाहिलें पाहिजे. आपल्याकडील वीज २३० व्होल्टची असून सेकंदाला ५० आवर्तनें करते. जुन्या धर्तीच्या अ‍ॅम्प्लिफायरांत ती ट्रान्सफॉर्मरमधून उतरून एकदिश होते व मोठ्या कपॅसिटरांत सांठते. हे कपॅसिटर म्हणजे माडीवरचे हौदच. नळाला पाणी कसेंही येवो, स्वयंपाकघरांतील धार हौदावर चालते. विजेबरोबर येणारा बारीकसारीक कचराही बराचसा येथेंच अडतो. म्हणजे ज्या कामासाठीं पेटी घ्यावयाची, तें काम बऱ्या बांधणीचें यंत्र स्वतःच पुष्कळसें करीत असतें.

मग पेटी उलट अडथळा करते काय? हा हौद संथपणें भरत नाहीं. प्रत्येक अर्धलाट १० मिलिसेकंदांची; तिच्या शिखराजवळच्या थोड्याशा अवधींतच प्रवाह उसळून आंत शिरतो. वाटेंत पेटीचा १ ओहम रोध असला आणि उसळी ६ अँपिअरची असली, तर ६ व्होल्ट गळाले. शिखर सुमारें ३२५ व्होल्टांचें. तूट दोन टक्क्यांच्याही आंत. एवढा उतार घरांतला गीझर लावल्यानेंही पडूं शकतो. मात्र लहानशा पेटीवर दांडगा अ‍ॅम्प्लिफायर लादला, तर रोध व तूट दोन्ही वाढतात, आणि मोठ्या आवाजांत तबल्याची थाप दबते. पेटीनें आवाज बिघडला ही तक्रार म्हणूनच सर्वस्वीं खोटी नव्हे. जोडाच विजोड असतो.

आतां त्या गृहस्थांची घरघर. त्यांनीं केबल टीव्हीची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या जोडणींतून सोडविली मात्र, घरघर थांबली! केबलचें अर्थिंग एकीकडे, भिंतींतल्या प्लगचें दुसरीकडे. दोहोंत किंचित् अंतर पडून प्रवाह गाण्याच्याच तारेंतून फिरत होता. विजेच्या तारेवर पेटी बसविणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं. केबलच्या वाटेंत एक लहानसा आयसोलेटर बसविला कीं काम भागतें. कित्येक लोक अशा वेळीं प्लगची तिसरी पिनच काढून टाकतात. आवाज थांबतो खरा. पण आंतील वेष्टण फाटून वीज धातूच्या पेटाऱ्यावर उतरली, तर तिला जमिनींत जाण्यास वाट उरत नाहीं, आणि त्याला पहिला हात बहुधा घरांतल्या मुलाचाच लागतो. हें कोणीही करूं नये.

स्पीकर मुका असतांना ट्रान्सफॉर्मरच गुणगुणत असेल, तर गोष्ट निराळी. विजेंत एकदिश अंश शिरल्यास वाटोळे ट्रान्सफॉर्मर असे कण्हतात. तो अंश अडविणारी पेटी तेथें खरोखर उपयोगी पडते. व्होल्टेज फार खालींवर होत असेल तर स्टॅबिलायझर हवा, तें निराळें यंत्र. आणि वळिवाची वीज कडाडूं लागली कीं पेटीवर विसंबण्यापेक्षां प्लग उपसून ठेवणें बरें.

इतकें करूनही मोह सुटत नसेल, तर पेटी आठ दिवस उसनी आणावी. घरांतील दुसऱ्या कोणी न सांगतां ती कधीं जोडावी, कधीं काढावी. ऐकणारानें पाठ फिरवून बसावें व प्रत्येक वेळचें मत कागदावर टिपावें. पैसे मोजावयाचे ते त्या कागदाकडे पाहून.