करार आधी, हारतुरे नंतर

(बुलढाणा जिल्ह्यातील ख्रिस्ती सेवासंस्थांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षाने आधी पूर्वजांचा गौरव करायचा, ही रीत मी थोडक्यात पाळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अलायन्स मिशनची माणसं वऱ्हाडात आली. 1899-1900 च्या दुष्काळात अकोला-खामगावकडे पोरक्या मुलांना त्यांनी आसरा दिला. त्या काळी मिशन म्हटलं की शाळा, बोर्डिंग, दवाखाना आणि चर्च एकाच कुंपणात असे. पैसा बाहेरून येई, निर्णय आत होई, आणि दुसऱ्या कोणाला विचारण्याची गरज पडत नसे. ते दिवस संपले. आज आपल्यातल्या बऱ्याच संस्थांकडे एखादी जुनी इमारत, चार निष्ठावान कार्यकर्ते आणि गावांत कमावलेला विश्वास एवढीच पुंजी आहे. तेवढ्यावर एकट्याने मोठं काम उभं राहत नाही.

म्हणून आजचा विषय भागीदारी. माझं म्हणणं सरळ आहे: भागीदारी सद्भावनेने सुरू होते, पण टिकते ती अटींवर. आपल्याकडे बटईने शेत करताना बियाणं कोणाचं, खत कोणाचं आणि मालात वाटा किती, हे पेरणीआधी ठरतं. संस्था मात्र आधी फोटो काढतात आणि वर्षभराने वाट्यावरून भांडतात.

महाराष्ट्रातली या विषयावरची एक जुनी आणि कडू आठवण पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेची आहे. 1887 साली बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली, दहा वर्षं मदत द्यायचं ठरलं, आणि 11 मार्च 1889 रोजी मुंबईत सदन उघडलं. पुढच्या वर्षी ते पुण्याला गेलं. पैसा अमेरिकन ख्रिस्ती मंडळींचा, चालक ख्रिस्ती, मुली बहुतेक उच्चवर्णीय हिंदू घरांतल्या, आणि सल्लागार न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे. आजही अशी जुळणी दुर्मिळच. सदनात धर्मप्रचार करायचा नाही, हे ठरलेलं होतं. रमाबाई मात्र आपल्या खोलीत लेकीसोबत प्रार्थना करत, तेव्हा खोलीचं दार उघडं असे आणि काही मुली येऊन बसत. रमाबाईंच्या दृष्टीने तो मुलींच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता. सल्लागारांच्या दृष्टीने तो वचनभंग होता. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. 1893 मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या.

दोष कोणाचा, हा वाद सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. मला त्यात पडायचं नाही. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, हे मी धरून चालतो. पण त्या उघड्या दाराबद्दल काय करायचं, हे कोणी आधी बसून ठरवलं नव्हतं. एवढी मोठी माणसं एवढ्याशा गोष्टीवरून दुरावली. पुढे रमाबाईंनी केडगावला मुक्ती सदन उभारलं. ते काम अफाट झालं, पण पुण्यातला तो सहयोग पुन्हा जुळला नाही.

आता दुसरं उदाहरण, जुळलेल्या भागीदारीचं. फादर हर्मन बाखर हे स्विस जेझुइट धर्मगुरू नगर जिल्ह्यात अनेक वर्षं राबले. दुष्काळात टँकर मागून भागत नाही, पाणी डोंगरावरच अडवलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं. त्यांच्या धडपडीतून जर्मन सरकारची मदत, नाबार्ड ही सरकारी बँक आणि गावोगावच्या संस्था एका कार्यक्रमात गुंफल्या गेल्या. तोच इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम. त्याला माणसं घडवणारा आधार म्हणून 1993 मध्ये ‘वॉटर’ म्हणजे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था उभी राहिली. या कार्यक्रमात गावावर अटी होत्या: श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. आधी गावाने त्या पाळून दाखवायच्या, मग मोठा निधी. आराखडा कार्यालयात बसून होत नसे. तंत्रज्ञ, शेतकरी आणि त्याची बायको गट नंबरावर उभे राहत. बांध कुठून जाईल, झाड कुठे लागेल, हे पायाखालच्या जमिनीवर ठरे. बाईची संमती घेतलेली असली की पुढे चारा तोडण्यावरून घरात भांडण होत नाही. एका धर्मगुरूने सुरू केलेल्या या कामाला सरकारी बँकेने, परदेशी सरकारने आणि गावातल्या वारकऱ्याने हात लावला, कारण कोण काय करणार हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून हेच आरोग्यात केलं. त्यांनी गावालाच भागीदार केलं. जातीजातीत विभागलेले पुरुष एकत्र यावेत म्हणून आधी व्हॉलीबॉल खेळवला, त्यातून शेतकरी मंडळं निघाली, आणि गावाने निवडलेल्या बायका, त्यांतल्या कितीतरी निरक्षर, आरोग्यसेविका झाल्या. 1979 चा मॅगसेसे पुरस्कार आरोळे दांपत्याला मिळाला, पण बाळंतपणं सुखरूप पार पाडली ती त्या बायकांनी.

लांब कशाला जायचं? 2018 मध्ये आपल्याच जिल्ह्यात भारतीय जैन संघटनेने तलावांतला गाळ काढला. यंत्रं संघटनेची, डिझेल शासनाचं, आणि गाळ शेतात नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा. तीन बाजू, तीन जबाबदाऱ्या, कागदावर स्पष्ट. संघटनेच्या नावात ‘जैन’ आहे म्हणून एकाही शेतकऱ्याने गाळ नाकारला, असं माझ्या ऐकिवात नाही. आपल्या नावातल्या ‘ख्रिस्ती’ शब्दाची आपण उगाच धास्ती घेतो. नाव लपवलं तर संशय वाढतो. नाव पाटीवर ठेवावं आणि काम उघड्यावर करावं.

इथे धर्माचा प्रश्न येतो, आणि मी तो टाळणार नाही. 1994 मध्ये रेडक्रॉस, कॅरिटास, चर्चेसची जागतिक परिषद यांसह मोठ्या मदतसंस्थांनी एक आचारसंहिता स्वीकारली. त्यात मदतीचा वापर विशिष्ट राजकीय वा धार्मिक मत पुढे नेण्यासाठी करायचा नाही, असं कलम आहे. आपल्या प्रत्येक करारात ते मराठीत, साध्या शब्दांत असावं. ज्याला प्रार्थना करायची त्याने चर्चमध्ये करावी. प्रकल्पाच्या पैशाने, प्रकल्पाच्या वेळात आणि लाभार्थ्याच्या गरजेचा फायदा घेऊन ती होणार नाही. आणि समोरच्या संस्थेनेही तिच्या उत्सवाची वर्गणी आपल्या कार्यकर्त्यांकडून सक्तीने घेऊ नये. अट दोन्हीकडून.

परदेशी देणग्यांचा कायदाही बदलला आहे. 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेकडून दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीसवर आली. मोठ्या संस्थेने पैसे आणायचे आणि छोटीने ते खर्चायचे, हा जुना मार्ग बंद झाला. अनेकांना हे संकट वाटतं. मला यात एक सोय दिसते. आता एकमेकांना द्यायला पैसा नसेल तर माणसं, जागा, कौशल्य आणि ओळखी द्याव्या लागतील. त्यासाठी आधी आपलं घर नीट हवं. धर्मादाय कार्यालयात विश्वस्तांचे बदल अर्ज वर्षानुवर्षं अडकलेल्या संस्थेशी कंपनीचा सीएसआर विभाग बोलणारसुद्धा नाही.

मग कामाला सुरुवात कुठून करायची? मी एक जागा सुचवतो. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा: शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद. तिथल्या खाऱ्या पाण्याच्या गावांत किडनीच्या रुग्णांच्या घरी डायलिसिसच्या फेऱ्यांनी शेत विकायची पाळी येते. पाणी तपासायला भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, रक्त तपासायला ग्रामीण रुग्णालय आहे. दोघांच्या मध्ये घरोघरी जाणारा, विश्वासाचा माणूस नाही, आणि तो आपल्याकडे आहे. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानची सेवेतली शिस्त सगळा महाराष्ट्र जाणतो. त्यांच्या दारात आपण कधी गेलो? हिवऱ्याच्या विवेकानंद आश्रमात? जावं, आणि जाताना निवेदन नेण्याऐवजी आपण काय देऊ शकतो याची यादी न्यावी.

या परिषदेने एक ठराव करावा, अशी माझी विनंती आहे. यापुढे आपल्यातली कोणतीही संस्था चार गोष्टी लिहून घेतल्याशिवाय कोणाशी हातमिळवणी करणार नाही: काम कोणतं, निर्णय कोणाचा, श्रद्धेची सीमा कुठे, आणि पटलं नाही तर वेगळं व्हायचं कसं. करार एका पानाचा असावा, आणि गावच्या समितीला वाचून दाखवता येईल अशा भाषेत असावा. दुपारच्या गटचर्चेत प्रत्येक तालुक्याने एक भागीदार आणि एक काम ठरवावं. समारोपाच्या सत्रात मी भाषण करणार नाही. तालुकावार नावं पुकारीन आणि कोणी काय ठरवलं ते विचारीन.