तुटल्या धाग्याला थांबणारा माग

मी कवी माणूस. शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. संगणकावर बोलण्याचा मला तसा अधिकार नाही. पण माझं बालपण इचलकरंजीत, यंत्रमागाच्या खडखडाटात गेलं. तिथं शिकलेली एक गोष्ट पुढं पुण्यात संगणकाचं काम करणाऱ्या भाच्याच्या तोंडून पुन्हा ऐकली. ती आज सांगतो.

अब्बा चार माग सांभाळायचे. साध्या मागावर आडवा धागा तुटला की एक लहानसा काटा ते हेरतो आणि माग आपोआप थांबतो. उभा धागा तुटला तर मात्र माग थांबत नाही. धोटा पळतच राहतो, कापड विणलं जातंच, फक्त त्यात एक बारीक रेघ उमटत जाते. ती विणकरानं नजरेनं पकडायची. नजर चुकली तर तागा तपासताना खोट निघे आणि मजुरीतून पैसे कापले जात. अब्बा म्हणायचे, "आडवा तुटला तर माग सांगतो. उभा तुटला तर कुणीच सांगत नाही."

आता भाच्याची गोष्ट. साल २००८. तो एका कंपनीत पतसंस्थांसाठी हिशेबाचा प्रोग्राम लिहीत होता. दहा-बारा जणांनी लिहिलेले तुकडे रोज रात्री संगणकच जोडून पूर्ण प्रोग्राम तयार करी. याला ते ‘बिल्ड’ म्हणतात. त्याच वेळी प्रत्येक तुकड्याची छोटी परीक्षा होई, ती ‘युनिट टेस्ट’. उदाहरणार्थ, दहा हजार रुपये, दहा टक्के, एक वर्ष. व्याज हजारच आलं पाहिजे.

ते वर्ष लीप वर्ष. कुणीतरी दिवस ३६६ धरले आणि भागाकार ३६५ ने केला. व्याज आलं १,००२ रुपये ७४ पैसे. टेस्टनं ही चूक पहिल्याच रात्री पकडली होती. पण बिल्ड थांबलं नाही! ‘अँट’ नावाच्या त्यांच्या अवजाराला "टेस्ट नापास झाली तर थांब" असं मुद्दाम लिहून द्यावं लागतं. ते लिहायचं राहिलं होतं. त्यामुळं नापासाची नोंद एका कोपऱ्यात होई आणि रोज सकाळी पडद्यावर शेवटची ओळ दिसे, ‘बिल्ड सक्सेसफुल’. ती वाचून सगळे चहाला जात.

तीन आठवडे असंच चाललं. प्रोग्राम एका पतसंस्थेत पोचला. तिथल्या ठेवींचा हिशेब जुळेना, तेव्हा संशय कुणावर आला? संगणकावर नाही. काउंटरवर बसणाऱ्या कारकूनबाईंवर! खरं कारण सापडेपर्यंत त्या बाईंनी काय सोसलं असेल, हे सांगताना भाच्याचा आवाज खाली गेला होता. "मामू," तो म्हणाला, "आमच्या यंत्राला चूक ठाऊक होती. फक्त त्याला थांबायला कुणी शिकवलं नव्हतं."

मग त्यानं ते शिकवलं. सगळ्या टेस्ट होऊ द्यायच्या, निकालाचा पूर्ण अहवाल लिहू द्यायचा आणि एक जरी नापास असेल तर शेवटी बिल्डच नापास करायचं. पहिल्याच टेस्टला थांबलं तर बाकीच्या चुका दिसत नाहीत, म्हणून ही रीत. दुसऱ्या दिवशी काम अडलं. साहेब चिडले, "शुक्रवारी माल द्यायचाय, ते बंद कर." भाच्यानं बंद केलं नाही, चूक दुरुस्त केली.

पण दुसरी बाजूही आहे. आमच्याकडं काही मागांचा काटा उगाचच थांबवायचा. धागा शाबूत, तरी माग बंद. मग वैतागून विणकर तो काटा सुतळीनं बांधून टाकत. टेस्टचंही तसंच. कारण नसताना आज पास, उद्या नापास होणारी टेस्ट लोकांचा विश्वास घालवते आणि एक दिवस कुणीतरी सुतळी बांधतं. म्हणून अशी टेस्ट आधी दुरुस्त करावी लागते.

जपानच्या साकिची तोयोदांनी १९२४ साली पूर्ण केलेला माग उभा किंवा आडवा, कोणताही धागा तुटला तरी स्वतःहून थांबायचा. त्यांच्या घराण्यानं पुढं मोटारी बनवल्या, तेव्हा दोष दिसताच काम थांबवायची ही शिस्त तिथंही नेली. मागावरची ही अक्कल मोटारीच्या कारखान्यात गेली, आता ती संगणकात आली आहे.

अब्बा आज नाहीत. माग थांबला की शेजारचे विणकर विचारत, "काय झालं, मियाँ?" अब्बा शांतपणे तुटलेली टोकं शोधत, गाठ मारत आणि म्हणत, "काही नाही. मागानं आपलं काम केलं."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)